शब्द कुणाचा, हे आधी पाहा

ताई, सलाम. उत्तराआधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, ओळख न देता, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल.

31 डिसेंबरच्या रात्री, वर्ष सरतीच्या उपासनेत तुम्ही थाळीतून वचनाचं कार्ड उचललंत. निघालं बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, 29:11. हिताचे संकल्प, अनिष्टाचे नव्हेत, पुढल्या दिवसांची आशा. कार्ड घरी नेऊन कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलंत. मार्चमध्ये यजमान जॉबर होते तो टॉवेलचा कारखाना बंद पडला. मे महिन्यात मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. आता विड्या वळून घर चालवता आणि विचारता, "देव शब्द पाळतो हे लहानपणापासून ऐकत आले. मग चुकलं कोण? तो, का माझाच विश्वास कमी पडला?"

सोलापुरात 36 वर्षं पाळकाचं काम केलं. हा प्रश्न मला दवाखान्याच्या जिन्यात विचारला गेलाय, दफनभूमीच्या फाटकाशी विचारला गेलाय, आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत. तुम्ही दोनच पर्याय ठेवलेत, देव किंवा तुम्ही. मला तिसऱ्याकडे बोट दाखवायचंय. ते कार्ड आणि ती थाळी फिरवणारे आम्ही.

कार्डावर एकच ओळ मावते. त्या ओळीआधी काय आहे ते कार्ड सांगत नाही. यिर्मयाचा 29 वा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. यरुशलेमहून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला पाठवलेलं, घरंदारं सोडून कैद करून नेलेल्या लोकांना. त्यात आधी काय लिहिलंय बघा. घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. पोरांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं चिंता, त्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे सरळ अर्थ, बिऱ्हाड लवकर हलणार नाही. आणि दहाव्या ओवीत आकडाच दिलाय, सत्तर वर्षं. त्यानंतर अकरावी, आपल्या कार्डावरची. ते पत्र ज्यांनी हातात घेऊन वाचलं, त्यातले बहुतेक जण बाबेललाच मातीआड झाले. वचन खरं ठरलं, पण नातवंडांच्या डोळ्यांसमोर.

आता एक अध्याय मागे या. 28 व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. तोही मंदिरात उभा राहून परमेश्वराच्याच नावानं बोलतो. त्याचा हिशेब मात्र गोड होता. दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, नेलेली मंदिराची भांडी परत येतील, माणसं परत येतील. यिर्मया त्यावर काय म्हणाला माहीत आहे? आमेन. परमेश्वर असंच करो. हा माणूस लोकांचं वाईट चिंतणारा नव्हता. दोन वर्षांत झालं असतं तर त्यालाही हवंच होतं. पण नंतर त्यानं तोंडावर सांगितलं, परमेश्वरानं तुला पाठवलेलं नाही, तू ह्या लोकांना लबाडीवर भरवसा ठेवायला लावतोयस. हनन्या त्याच वर्षी वारला.

ताई, आमच्यासारख्यांचं दुखणं असं आहे की आम्ही यिर्मयाची ओवी घेतो आणि हनन्याच्या आवाजात वाचतो. सत्तर वर्षांचं वचन, आणि वाचायचं असं की जणू एप्रिलपर्यंत पोचेल.

हे मी दुसऱ्यांवर ढकलत नाही. पाळक होऊन दोन वर्षं झाली असतील. मंडळीतले एक गृहस्थ किडनीच्या आजारानं दवाखान्यात होते. मी स्तोत्र 118 मधली ओवी वाचली, मी मरणार नाही तर जगेन, आणि त्यांच्या पत्नीला ठासून सांगितलं, "बाई, हे देवाचं तुमच्यासाठी वचन आहे, धरून राहा." चौथ्या दिवशी ते गेले. महिन्याभरानं मी भेटायला गेलो. बाईंनी चहा ठेवला, कपबशी पुढे केली आणि शांतपणे विचारलं, "पाळकसाहेब, तो शब्द देवानं दिला होता, का तुम्ही?" चहावर साय धरेपर्यंत मी काही बोललो नाही. आजही त्या प्रश्नापेक्षा चांगला प्रश्न मला कुठल्या धर्मशास्त्राच्या वर्गात शिकवलेला आठवत नाही. कुठलंही वचन हातात आलं की आधी तेवढंच विचारायचं. शब्द कुणाचा? कुणाला दिला? नेमका कशाचा दिला?

जाता जाता, तुम्ही ओझरतं लिहिलंय की एका मेळाव्यात बाहेरगावच्या वक्त्यानं 'बीज पेरा, वचन उचला' म्हणून पैसे मागितले आणि तुम्ही 2100 रुपये दिलेत. ज्या वचनाखाली खाते क्रमांक छापलेला असतो ते वचन नव्हे, ती पावती. पुन्हा देऊ नका. यावर जास्त शाई घालवत नाही.

आता मुद्द्याचं. देव शब्द पाळतो म्हणजे काय करतो?

इथं आपली मराठी फार कामाला येते. इब्री भाषेत, म्हणजे जुना करार ज्या भाषेत लिहिला गेला तिच्यात, 'वचन' किंवा 'प्रॉमिस' यासाठी वेगळा खास शब्दच नाही. 'दाबार' म्हणजे शब्द, बस्स. देवानं शब्द दिला. आपणही तसंच म्हणतो ना? 'वायदा' हा बाजारातला, त्यावरूनच 'वायदेबाज' आला. 'शब्द' दिला म्हटलं की गोष्ट माणसाच्या अब्रूवर येते. यहोशवाच्या 21 व्या अध्यायाच्या शेवटी, देश वाटून झाल्यावर लिहिलंय की परमेश्वरानं दिलेल्या चांगल्या शब्दांपैकी एकही शब्द खाली पडला नाही. इब्रीत अक्षरशः 'पडणे' हेच क्रियापद आहे. आपल्याकडे एखाद्या मोठ्या माणसाबद्दल काय म्हणतात? "त्यांनी कधी शब्द खाली पडू दिला नाही." ही म्हण मी आजीच्या तोंडून ऐकलेली, शास्त्र वाचण्याआधी. यहोशवाची ओवी पहिल्यांदा मुळातून समजून घेतली तेव्हा आजी आठवली.

दुसरा शब्द त्याहून जवळचा. आपण प्रार्थनेअंती 'आमेन' म्हणतो. त्याचं मूळ 'अमन', म्हणजे पक्कं असणं, टेकू देणं, न डळमळणं. त्याच मुळातून 'एमुना' आला, ज्याचं भाषांतर आपण देवाची सत्यता, विश्वासूपण असं करतो. आणि अरबीत त्याच मुळाचं भावंड आहे 'इमान', जे आपल्या मराठीत केव्हाच घरचं झालंय. इमानेइतबारे, इमानदार, बेइमान. म्हणून मी मंडळीत कधी कधी 'देवाची सत्यता' असं पुस्तकी न म्हणता 'देवाचं इमान' म्हणतो. मंडळीच्या एकदोन वडिलांना, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांना, ते खटकतं. खटकू दे.

ह्या 'एमुना' शब्दाचं सर्वांत सुरुवातीचं एक ठिकाण निर्गमच्या 17 व्या अध्यायात आहे. अमालेक्यांशी लढाई चालू आहे. टेकडीवर मोशे हात वर करून उभा. हात वर असेपर्यंत इस्राएल जिंकतात, खाली आले की हरतात. म्हातारा माणूस, हात भरून येणारच. मग अहरोन आणि हूर यांनी काय केलं? खाली धोंडा सरकवला, त्यावर त्याला बसवलं, एकानं एका बाजूनं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूनं हात धरले. सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात 'एमुना' होते, म्हणजे स्थिर होते. मला हे फार मोलाचं वाटतं. 'एमुना' हा शब्द शास्त्रात डोक्यातल्या खात्रीसाठी येण्याआधी दोन माणसांनी धरलेल्या थकलेल्या हातांसाठी आलाय. "माझा विश्वास कमी पडला का?" असं तुम्ही विचारता तेव्हा मला तुमच्यापेक्षा मंडळीला विचारावंसं वाटतं की ह्या बाईचे हात धरायला कोण गेलं होतं?

अब्राहामाची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, तरी आकडे घालून पुन्हा बघा. देवानं संततीचं वचन देऊन बोलावलं तेव्हा वय 75. इसहाक झाला तेव्हा 100. मधे 25 वर्षं. त्या काळात त्यानं काय स्थिर विश्वास दाखवला म्हणता? 86 व्या वर्षी दासी हागारेपासून इश्माएल झाला, म्हणजे आपला आपण उपाय काढून बघितला. 99 व्या वर्षी देवानं पुन्हा सांगितलं तेव्हा पालथा पडून हसला. पुढच्या अध्यायात त्याची बायको सारा तंबूच्या दाराआड हसली, आणि "हसले नाही" म्हणून खोटंही बोलली. देवानं पोराचं नावच 'हसणारा' ठेवलं. चिडून वचन मागे घेतलं नाही.

त्याचं कारण 15 व्या अध्यायात आहे. तेव्हाच्या रीतीप्रमाणे करार करताना जनावरं मधोमध कापून दोन्हीकडे मांडायची आणि करार करणाऱ्यांनी मधून चालत जायचं. शब्द मोडला तर माझं असंच होवो, असा त्याचा अर्थ. अब्राहामानं कापाकापी केली, गिधाडं हाकलली, संध्याकाळ झाली आणि त्याला गाढ झोप लागली. मग अंधारात त्या तुकड्यांमधून गेलं कोण? एक धुमसती भट्टी आणि एक जळती मशाल. म्हणजे एकटा देव. अब्राहाम चाललाच नाही. करार त्याच्या पायांवर उभा नव्हताच, म्हणून त्याच्या हसण्यानं मोडला नाही. तुमचा विश्वास कमी पडल्यामुळे देवाचा शब्द खाली पडला असेल, ही भीती तुम्ही इथं सोडून द्या. प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहितो की आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, त्याला स्वतःलाच नाकारता येत नाही.

आणि नवस आठवा. आपल्या गावात सिद्धेश्वराच्या गड्ड्याला वाढलेले आपण सगळे, नवस ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. नवस बोलतो आपण, फेडतो आपण. शेजारणीचा नवस फळला आणि आपलं वचन नाही, असं तुम्ही लिहिलंत, पण ह्या दोन्ही एका मापानं मोजायच्या गोष्टी नाहीत. वचनात बोलणारा तो आणि फेडणाराही तोच.

मात्र एक कडू गोष्ट लपवत नाही. त्याच अब्राहामाला अख्ख्या देशाचं वचन होतं. सारा 127 व्या वर्षी वारली तेव्हा तिला पुरायला त्याच्याकडे वीतभर जागा नव्हती. एफ्रोन हित्तीकडून मकपेलाची गुहा त्यानं 400 शेकेल चांदी मोजून विकत घेतली. देवानं फुकट देतो म्हटलेल्या देशातली हातात आलेली पहिली जमीन म्हणजे बायकोची कबर, तीही पूर्ण किमतीनं. इब्री लोकांस पत्र, 11 वा अध्याय, आम्ही विश्वासवीरांचा म्हणून थाटात वाचतो. त्यातच लिहिलंय की ह्या सगळ्यांना वचनफल मिळालं नाही, त्यांनी ते दुरून पाहिलं आणि तसेच मेले.

मग धरायचं काय? मी नव्या करारात 'देव विश्वासू आहे' ही शब्दरचना कुठं कुठं येते ते एकदा वहीत उतरवून काढलं होतं. करिंथकरांस पहिल्या पत्रात, त्यानं तुम्हाला आपल्या पुत्राच्या सहभागितेत बोलावलं म्हणून. त्याच पत्रात पुढे, परीक्षा सोसवेल इतकीच येईल आणि निभावाचा मार्गही असेल म्हणून. थेस्सलनीकाकरांस दोन्ही पत्रांत, तो तुम्हाला राखील, स्थिर करील म्हणून. योहानाच्या पहिल्या पत्रात, पापं पदरी घेतली तर तो क्षमा करील म्हणून. इब्री लोकांस पत्रात, आशा घट्ट धरा म्हणून. यात नोकरी नाही, घर नाही, ठरलेलं लग्न टिकण्याची हमी नाही. यशया 43 मध्येही 'तू पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन' असं आहे. 'जाशील तेव्हा'. जाणारच नाहीस असं नाही.

तुम्ही म्हणाल, मग भाकरीचं काय? मत्तयाच्या सहाव्या अध्यायात अन्नवस्त्राचा शब्द तर खुद्द प्रभूनं दिलाय. बरोबर. ह्या ओवीवर आम्ही पाळक लोक पळवाटा काढतो, आणि त्या मला आवडत नाहीत. पौल स्वतः लिहितो की मी उपाशी राहिलो, उघडा राहिलो. तेव्हा हा शब्द आकाशातून पिशवी पडण्याचा नव्हे हे उघड आहे. तो कसा फिटतो ते मी सातव्या वर्षी बघितलं.

बहात्तरचा दुष्काळ. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, यायचा, त्याची भाकरी थापताना चिरायची आणि आई पाण्याचा हात लावून लावून ती जोडायची. आम्हा ज्वारीवर वाढलेल्या पोरांच्या घशाखाली ती उतरायची नाही. एका संध्याकाळी शेजारच्या लिंगायत काकू उंबऱ्यावर पितळी डबा ठेवून गेल्या. पांढरी शुभ्र ज्वारी, पायलीभर असेल. हाक मारली नाही, बसल्या नाहीत. त्यांच्याही घरात खाणारी सात तोंडं होती. आईनं जेवणाआधी 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' म्हटलं, त्यात काकूंचं नाव घेतलं आणि आमेन म्हटलं. सकाळी डबा परत द्यायला मला पाठवलं. भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून तळाशी चिमूटभर मीठ टाकलं.

भाकरीचा शब्द देवानं दिलाय आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या डब्यातून येतो. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या मंडळीत कुणी गरजवंत नव्हता असं लिहिलंय, आणि का नव्हता तेही लगेच लिहिलंय. ज्यांच्या जमिनी होत्या त्यांनी त्या विकून पैसे आणून ठेवले. म्हणून तुमच्या घरी मार्चपासून तंगी आहे आणि मंडळीला ते माहीत नसेल, तर मला देवाच्या इमानाची काळजी वाटत नाही, आमच्या इमानाची वाटते.

सोलापूरकर म्हणून एक कबुलीही देऊन टाकतो. तरुणपणी मी एक दाखला हमखास द्यायचो. आपलं आयुष्य म्हणजे विणलेलं कापड, आपल्याला मागची, दोऱ्यांच्या गुंत्याची बाजू दिसते, देवाला पुढची. उपासना संपल्यावर एक जुने मागवाले काका माझ्याजवळ आले. म्हणाले, "पाळकसाहेब, कधी आपली चादर उलटी करून बघितली का? जॅकार्डची दुहेरी वीण असते. दोन्हीकडं नक्षी तीच, नुसते रंग अदलाबदल." मी घरी जाऊन बघितलं. खरंच. तेव्हापासून तो दाखला बंद केला. सगळं समजावून सांगणारा दाखला शोधण्याची खोडही पुढे हळूहळू सुटली.

यिर्मयाकडे परत येतो, कारण तुमचं कार्ड त्याचंच. 32 व्या अध्यायात बाबेलच्या फौजेनं यरुशलेमला वेढा घातलाय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. कोण घेईल? ते गाव शत्रूच्या टापेखाली. यिर्मयानं 17 शेकेल चांदी तराजूत तोलून दिली. खरेदीखत लिहिलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी, आणि आपल्या लेखनिकाला, बारूखाला सांगितलं की दोन्ही मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकतील अशी. का, तर ह्या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील असा देवाचा शब्द होता. सातबारा म्हणजे काय हे जाणणाऱ्या माणसाला ह्या अध्यायाचं वजन लगेच कळतं. यिर्मयाला त्या शेतात पुढे कधी पेरा करता आला नाही, लोक त्याला ओढून मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये घेऊन गेले.

पुण्याकडे जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं. दुष्काळात उचलून आणलेल्या मुलींना तिथं त्यांनी सांभाळलं, आणि कित्येक वर्षं मूळ इब्री आणि ग्रीकवरून मराठीत शास्त्र उतरवलं. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्या स्वतः 5 एप्रिल 1922 ला गेल्या. छापलेलं शास्त्र 1924 मध्ये बाहेर आलं. मी त्या स्टेशनावरून जाताना दर वेळी यिर्मयाचं ते मडकं आठवतो.

तुम्ही करायचं ते एवढंच. रडायला शास्त्र मना करत नाही. 77 व्या स्तोत्रात भक्त उघड विचारतो, त्याचा शब्द कायमचा संपला का? हे वाक्य देवानं पुस्तकातून खोडलं नाही. ते मोठ्यानं वाचा, यजमानांबरोबर वाचा. मुलीला 'देवाची काहीतरी चांगली योजना असेल' असं सांगू नका, तिचं दुःख अजून ओलं आहे. नुसती जवळ बसा. कैद करून बाबेलला नेलेल्या दानीएलानं यिर्मयाचं तेच सत्तर वर्षांचं वाचलं तेव्हा तो म्हातारा झाला होता आणि तरी गोणपाट नेसून प्रार्थनेला बसला. थांबणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, तेव्हा यजमानांनीही काम शोधत राहावं.

कार्ड फाडू नका. रविवारी उपासनेनंतर घेऊन या, आपण 28 व्या अध्यायापासून बसून वाचू, तासभर लागेल. आमच्या मंडळीतल्या एका वडिलांचा दहा-बारा मागांचा कारखाना आहे. यजमानांना तिथं काम मिळेल असा शब्द मी देत नाही, तो माझ्या हातात नाही. सोमवारी सकाळी दहाला जाऊन विचारतो, तेवढा देतो.